ओढ्याच्या तोंडाने शिरणारा पूर: कृष्णा-वारणाकाठी नव्याने रान करणाऱ्यांसाठी

नदीकाठचं रान पहिल्यांदा हातात आलं की माणूस नदीकडे बघत बसतो, कारण पूर तिकडूनच येणार असं त्याला वाटतं. भिलवडी, कसबे डिग्रज, समडोळी, दुधगाव, कवठेपिरान या पट्ट्यात पाणी बहुतेक वेळा पाठीमागून येतं. वर्षानुवर्षांच्या गाळाने नदीचा काठ उंच झालेला असतो. त्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या उंच पट्ट्याच्या, मागे जमीन पुन्हा खाली उतरते आणि त्या खोलगटातून एखादा ओढा नदीला जाऊन मिळतो. नदी चढली की ओढा आधी थांबतो, मग तुंबतो, मग उलटा वाहू लागतो. मळीतला ऊस कोरड्यात उभा असतो आणि मागच्या तळातल्या सऱ्या भरलेल्या असतात.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर हेच मोठ्या मापाने घडतं. कृष्णा फुगली की वारणेला वाट मिळत नाही आणि तिचा फुगवटा मागच्या गावांच्या रानात पसरतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे 57 फुटांच्या वर गेलं होतं. तसल्या पुरापुढे शेतकऱ्याचा बांध, चर, झडप काहीच टिकत नाही, हे आधीच मान्य करून पुढे वाचा. इथे सांगितलेली कामं दोन ठिकाणी उपयोगी पडतात: नदी इशारा पातळीच्या आसपास घुटमळते तेव्हा, आणि कोणताही पूर उतरल्यावर पाणी रानातून बाहेर काढताना. नुकसानीचा मोठा वाटा या दुसऱ्या टप्प्यात असतो. नदी आठ दिवसांत काठाखाली जाते, पण तोंड बुजलेलं असेल तर तळात पाणी महिनाभर साचून राहतं.

आधी आपल्या रानाची उंची ओळखा

गावातल्या जुन्या माणसांना दोन प्रश्न विचारा: 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं, आणि पहिलं पाणी कोणत्या बाजूने आलं. विजेच्या खांबावर, मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर, आंब्याच्या बुंध्यावर खुणा सापडतात. त्या रंगाने पक्क्या करून घ्या.

मग लेव्हल काढा. एक-दोन एकराला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळी 20-25 मीटरपेक्षा लांब घेऊ नका, लांब नळीत पाणी स्थिरावायला वेळ लागतो. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक येते का ते पाहा आणि मगच कामाला लागा. रान मोठं असेल तर डम्पी लेव्हल (दुर्बिणीने उंची मोजायचं यंत्र) असलेला माणूस एक दिवस बोलवा. तीन आकडे काढायचेच: रानातली सगळ्यात खोल जागा, ओढ्याचा तळ तुमच्या हद्दीशी, आणि ओढ्याचा तळ नदीच्या तोंडाशी. पहिली जागा दुसरीपेक्षा खाली असेल तर तिथलं पाणी चराने कधीच निघणार नाही. अशा जागी ऊस लावण्याचा हट्ट न धरता तिथे हत्तीगवत घ्या किंवा गाळ-मातीने ती जागा उचला.

चौथा आकडा पावसाळ्यात मिळतो. ओढ्याच्या तोंडाशी फुटाफुटावर रंगवलेला सिमेंटचा खांब रोवा. पाणी ज्या दिवशी आणि ज्या तासाला उलटं फिरेल, तेव्हा आपल्या जवळच्या पुलाची पातळी किती होती ते वहीत लिहा. आयर्विनचा आकडा भिलवडीच्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण नदीच्या पाण्यालाही उतार असतो. दोन पावसाळ्यांत तुमच्या रानाचा स्वतःचा इशारा आकडा तयार होतो आणि मोबाइलवर येणाऱ्या कुठल्याही संदेशापेक्षा तो खरा ठरतो.

धरणाच्या बातम्या वाचताना थोडा हिशेब ठेवा. कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून 2100 क्युसेक सोडले, या बातमीने मोटारी काढायला पळायची गरज नाही. सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले आणि त्याच वेळी कराड-पाटण-शिराळ्याकडे पाऊस किती आहे, हे दोन्ही एकत्र पाहा. धरणाखालच्या पाणलोटातून येणारं पाणी कोणत्याही दरवाज्याने अडत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही हा वाद पारावर चालू द्या, आपल्या चराच्या मापात त्याने फरक पडत नाही.

मे महिन्यातलं काम: तोंडापासून वर

ओढा साफ करताना सगळे एक चूक करतात. प्रत्येक जण आपापल्या बांधापुरता जेसीबी लावतो. खालचं तोंड जलपर्णी, बेशरमाची झुडपं, उसाचं पाचट आणि प्लॅस्टिकने गच्च असतं, त्यामुळे वर केलेली सफाई म्हणजे पाणी साठवायला खड्डा होतो. सफाई नदीकडच्या तोंडापासून सुरू करून वर यायची. चार-पाच जणांनी जेसीबीचे तास वाटून घेतले तर हे जमतं. एकट्याने होत नाही आणि भावकीत बोलणं बंद असेल तर मुळीच होत नाही. त्यामुळे हे बोलणं मार्चमध्येच उरकून घ्या.

कोणी ओढ्यात किंवा नैसर्गिक वाटेत भर टाकून पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. पुराच्या दिवशी भांडण काढून उपयोग नाही, आधीच फोटो काढा, तारीख लिहा, अर्ज द्या. हा नियम तुम्हालाही लागू आहे: ओढ्याच्या पात्रात बांध घालायचा नाही आणि पाईप टाकून तो अरुंद करायचा नाही. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आपला गट कुठे पडतो ते पक्कं बांधकाम करण्याआधी पाहून घ्या.

चर

काळ्या चिकण रानात मुख्य चराचं चालणारं माप असं: खोली 3 फूट, तळ दीड फूट, बाजू एकास एक उताराच्या, म्हणजे वरची रुंदी साडेसात फूट. 100 मीटर चराला सव्वादोन गुंठे जमीन जाते. जमीन वाचवायला बाजू उभ्या ठेवल्या की पहिल्याच पुरानंतर दरड ढासळून चर बुजतो. गेलेले गुंठे परत मिळत नाहीत आणि चरही राहत नाही.

तळाला 100 मीटरला 10 ते 20 सेंटिमीटर उतार पुरे. त्याहून कमी ठेवला तर गाळ बसतो. फार जास्त दिला तर तळ खरवडतो आणि शेवटच्या टोकाला घळ पडते.

खोदलेली माती कुठे टाकायची, यावर निम्मं काम अवलंबून असतं. जेसीबीवाला आपल्या सोयीने ती रानाच्या बाजूला ढीग करून ठेवतो. मग चराशेजारीच बांध तयार होतो आणि रानातलं पाणी चरात उतरतच नाही. माती पलीकडच्या अंगाला टाका किंवा पसरून खोल जागेत भरा. नाइलाजाने रानाकडे टाकावी लागली तर दर 20-25 मीटरवर फूटभर रुंदीचं भगदाड ठेवा आणि तिथे दगड लावा. सऱ्या चराकडे उतरत्या असल्या पाहिजेत हे वेगळं सांगायला नको, पण ठिबकवर आलेल्या नव्या माणसाने रस्त्याच्या सोयीने सऱ्या आडव्या पाडल्याचं दर गावात दिसतं.

चराच्या तोंडाला झडप

तुमचा चर जिथे ओढ्याला मिळतो तिथे, आपल्याच हद्दीत, नळी आणि झडप बसवता येते. रानातलं पाणी चढलं की झडप बाहेर ढकलली जाते आणि ओढा चढला की त्याच्याच दाबाने ती मिटते. कोकणात खाजणाच्या बांधाला हीच उघाडी असते. पण खाडीला दिवसातून दोनदा ओहोटी येते, म्हणून तिथली उघाडी रोज रान रिकामं करते. कृष्णेला ओहोटी नाही. झडप मिटली की पाच, आठ, दहा दिवस मिटलेलीच राहते आणि त्या काळात रानावर पडलेला पाऊस आतच साठतो. हा फरक समजून न घेता झडप बसवणाऱ्यांची निराशा होते.

नळी 600 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे दोन फुटी सिमेंटची घ्या. लहान नळी पाचटाने तुंबते. हिशेब बघा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे 1 लाख लिटर आणि एक फूट म्हणजे सव्वाबारा लाख. सेकंदाला 10 लिटर फेकणाऱ्या पंपाला तेवढं काढायला 34 तास लागतात. आत-बाहेरच्या पातळीत फुटाचा फरक असेल तर दोन फुटी नळीतून सेकंदाला 350 लिटरच्या आसपास पाणी जातं, तेच काम एका तासाचं. फरक कमी होईल तसा वेग उतरतो, तरी 20 एकरांचं फूटभर पाणी दीड-दोन दिवसांत निघतं. म्हणून पंपावर पैसे घालण्याआधी तोंडावर घाला.

बसवण्याचा क्रम असा:

1. नळीचा तळ चराच्या तळाशी जुळवा आणि ओढ्याच्या कोरड्या दिवसातल्या पातळीपेक्षा किमान फूटभर वर ठेवा, नाहीतर गाळात झडप रुतते.
2. नळीखाली आणि भोवती माती सहा-सहा इंचांच्या थरांनी ओलवून धुमसा. घाईने एकदम भरली तर पाणी नळीच्या बाहेरून वाट काढतं आणि एका रात्रीत नळीसकट बांध जातो. मध्ये नळीला वेढणाऱ्या काँक्रीटच्या दोन कॉलर घातल्या तर ही वाट तुटते.
3. दोन्ही तोंडांना भिंत बांधा, पुढे दोन मीटर दगडी पिचिंग करा.
4. झडप 6 मिलिमीटर लोखंडी पत्र्याची, नळीपेक्षा थोडी मोठी. वजन 15-16 किलो भरतं. कडेला रबराची पट्टी लावा. बिजागरी वरच्या बाजूला आणि तिची पिन स्टेनलेस स्टीलची हवी. साधी लोखंडी पिन दोन वर्षांत गंजून जाम होते, मग झडप एकतर उघडीच राहते किंवा मिटलेलीच.
5. रानाकडच्या तोंडाला चार-चार इंचांच्या गाळ्याची जाळी. एक ओंडका झडपेत अडकला की सगळी मेहनत वाया.
6. झडपेला साखळी बांधून ती बांधावरच्या खुंट्याला आणून ठेवा. ती का, ते पुढे येतं.

शेजारचा बांध तीन-चार फुटांपेक्षा उंच करू नका. आणि निव्वळ काळ्या मातीचा तर नकोच: मे महिन्यात त्याला हातभर खोल भेगा पडतात आणि पहिलं पाणी त्याच भेगांतून आत येतं. वरून फूटभर मुरमाचा थर द्या. खेकडे आणि घुशींची बिळं जूनच्या पहिल्या आठवड्यात हुडकून बुजवा. बांधाचा एक पाच-सहा मीटरचा तुकडा मुद्दाम अर्धा फूट खाली ठेवून दगडाने बांधून घ्या. हा सांडवा. पाणी वरून जाणारच असेल तर ते आपण ठरवलेल्या जागेवरून जावं.

आता साखळी. पाणी बांध ओलांडणार हे नक्की दिसलं, की ओलांडायच्या आधीच साखळीने झडप उचलून पाणी हळूहळू आत घ्या. आत-बाहेर पातळी जवळ आली म्हणजे बांध फुटत नाही आणि लोंढ्याबरोबर वरची माती वाहून जात नाही. नव्या माणसाला हे पचत नाही, शेवटच्या इंचापर्यंत तो अडवत राहतो. फुटलेल्या बांधामागे पडलेला खड्डा भरायला पुढचा अख्खा उन्हाळा जातो.

पाणी चढतंय तेव्हा

नदीवरच्या मोटारी, स्टार्टर पेट्या आणि केबल आपल्या वहीतल्या इशारा आकड्याच्या दोन-तीन फूट आधीच वर काढा. पाणी वाढत असताना उतरायचं नाही आणि डीपी बंद झाल्याची महावितरणच्या माणसाकडून खात्री झाल्याशिवाय ओल्या पेटीला हात लावायचा नाही. खताची पोती, औषधं, जनावरांचा चारा आधी हलवा. कीटकनाशकाची बाटली पुरात गेली तर ती कोणाच्या गोठ्यात जाऊन फुटेल सांगता येत नाही. भिलवडी ते सांगली पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि पुरात त्या ओढ्यांत, चरांत येतात. पाणी उतरताना गुडघाभर पाण्यातून झडप बघायला एकट्याने जाऊ नका, रात्री तर नकोच.

पाणी उतरलं: पहिले दहा दिवस

पहिल्या दिवशी जाळी आणि झडप मोकळी करा. इथे तासांना किंमत आहे. सोयाबीन दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. हळदीच्या गड्ड्याभोवती पाणी साचलं की कंदकूज लागते. उसाचा जीव चिवट असतो, पण तो पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या पानांत, असतो. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडून आठवडा गेला, त्यात पाणी गढूळ आणि ऊन कडक, तर पोंगा सडतो.

तपासायचं असं: रानाच्या पाच ठिकाणचे दहा-दहा ऊस घ्या. पोंगा धरून ओढा. सहज निसटून हातात आला आणि वास मारत असेल तर तो मेला. संशय असेल तर शेंडा उभा चिरा: आतला गाभा पांढरा, कुरकुरीत असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर गेला. निम्म्याहून जास्त पोंगे जिवंत असतील तर ऊस ठेवा, लोळलेला असेल तर जुड्या बांधून उभा करा. बहुतेक मेले असतील आणि कांड्या भरलेल्या असतील, तर कारखान्याच्या शेती गटाकडे लगेच नोंद करून तोड लवकर मागा. शेंडा मेलेल्या उसाला बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि त्या वाढतील तसा साखरेचा उतारा घसरत जातो. अशा उसाचं बेणं ठेवू नका.

पंचनाम्याआधी मोडतोड करायची नाही. ई-पीक पाहणीत नोंद आहे का ते पुराआधीच पाहून ठेवा. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर पंचनामा करणाऱ्याचा हात आखडतो.

वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती मशागतीजोगी सुकेपर्यंत, ट्रॅक्टर रानात घालू नका. ओल्या काळ्या मातीत एकदा चाक फिरलं की खाली दगडासारखा थर बसतो आणि पुढची तीन वर्षं पाणी मुरत नाही. सहा इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, नुसता दबला तर थांबा. वर दोन-तीन इंच गाळाची पापडी बसली असेल तर ती आधी खुरप्या-कुदळीने फोडा, मुळांना हवा हवी. ऊस पिवळा पडला म्हणून साचलेल्या पाण्यात युरिया टाकणाऱ्यांची कमतरता नाही. तो नत्र हवेत आणि ओढ्यात जातो. वाफशावर एकरी एक पोतं, म्हणजे 45 किलो, तेही दोन हप्त्यांत द्या.

बुडालेली मोटार घरी आणून नुसती उन्हात वाळवून चालू करू नका. रिवायंडरकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या वर आलं तरच जोडा.

लागणीचा महिना बदला

तळातल्या रानासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात कमी लोक ऐकतात. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण केली की पूर येतो तेव्हा ऊस वीतभर असतो आणि सगळाच बुडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण ऑगस्टपर्यंत डोक्यावर गेलेली असते. आडसालीचं टनेज कागदावर जास्त दिसतं हे खरं, पण ते मळीवरच्या रानाचं. तळासाठी फुले 265 हा वाण पाहा, तो पाणथळ आणि क्षारयुक्त जमिनीत इतरांपेक्षा तग धरतो. तुटाळी (मेलेल्या उसाच्या रिकाम्या जागा) सांधायला गावातल्या उंच जागेवर ट्रेमध्ये रोपं तयार ठेवा.

नोव्हेंबरनंतर दिसणारा पूर

पुराचं वरचं पाणी गेलं तरी खालचं पाणी वर आलेलं असतं. दोन इंची पीव्हीसी पाईपला भोकं पाडून, जाळी गुंडाळून तो पाच फूट खोल उभा पुरा आणि दर आठवड्याला काठी घालून आतली पातळी मोजा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही पाणी तीन फुटांच्या आत असेल तर फेब्रुवारीत जमिनीवर क्षारांची पांढरी फुली दिसणारच. मातीची तपासणी करा. क्षारता मीटरला 4 डेसिसायमनच्या वर आणि सामू (पीएच) साडेआठच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त, तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, तिला जिप्सम लागतं. किती, ते तपासणीच्या अहवालावरून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नको. निचऱ्याची वाट न करता जिप्सम टाकणं म्हणजे घाण न काढता घर सारवणं. दोन्हीत धैंचा (हिरवळीचं खत) गाडल्याने फायदा होतो.

मग सच्छिद्र पाईपचा निचरा: 80 मिलिमीटरचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले पाईप, साडेतीन ते चार फूट खोल. भारी काळ्या रानात दोन ओळींत 20 ते 30 मीटर अंतर, उतार 100 मीटरला 20 सेंटिमीटर, आणि ओळी जिथे मुख्य पाईपला मिळतात तिथे चेंबर. ही व्यवस्था पुरासाठी नसते, हे विकणारा सांगत नाही. तिची क्षमता साधारण दिवसाला 2 मिलिमीटरची धरतात, म्हणजे एकरी 8,000 लिटर. रानावर इंचभर साचलेलं लाख लिटर पाणी तिच्या भरवशावर सोडलं तर बारा दिवस लागतील. वरचं पाणी चराने आणि खालचं पाईपने काढायचं.

मुख्य पाईपचं तोंडही शेवटी त्याच ओढ्यात उघडतं. ते ओढ्याच्या नेहमीच्या पातळीच्या फूटभर वर ठेवा, त्यालाही छोटी झडप आणि उंदरांसाठी जाळी लावा. पूर उतरल्यावर पहिल्या चेंबरचं झाकण काढून आत वाका. पाणी वाहतंय पण गढूळ आहे, तर कुठेतरी कापड फाटलंय. चेंबर भरलेलं आहे आणि तोंडाशी थेंबही नाही, तर गाळ तोंडातच बसलाय, बांबू घालून तो आजच काढा.